रोझवादूफचा पॉझिटिव्ह रिपोर्ट

लॅबमध्ये नव्याने आलेल्या पोरांना वेल-फेलिक्स, म्हणजे टायफसच्या तापाची जुनी रक्ततपासणी, शिकवताना मी पुस्तक उघडत नाही, आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट पोलंडमधली, दुसऱ्या महायुद्धातली, आणि घडलेली. ती ऐकली की या टेस्टची ताकद आणि तिची खोट दोन्ही एकदम ध्यानात येतात, परीक्षेपर्यंत टिकतात. आजवर चहाच्या कपाबरोबर तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, आता सगळं प्रकरण एकदा सलग मांडते. शौर्यकथा म्हणून ती पुष्कळांनी सांगितली आहे. मी आयुष्यभर ट्यूबा वाचल्या, त्यामुळे माझं लक्ष सारखं त्यातल्या ट्यूबकडेच जातं.

रोझवादूफ हे आग्नेय पोलंडमधलं सान नदीकाठचं छोटं गाव. आज ते स्तालोवा वोला या पोलादाच्या शहरात सामावून गेलं आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि हा सगळा मुलूख त्यांच्या अमलाखाली गेला. गावात पोलिश रेडक्रॉसच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, एउगेन्युश वाझोफ्स्की. जन्म १९१३चा. (इंग्रजी लेखांत हे आडनाव ‘लाझोवस्की’ होऊन येतं. पोलिशमध्ये त्या आडव्या रेघेच्या ‘ल’चा उच्चार ‘व’ असा होतो.) शेजारच्या खेड्यात त्याचा वैद्यकीच्या शिक्षणापासूनचा मित्र स्तानिस्वाव मातुलेविच प्रॅक्टिस करत होता. प्रकरणात मुख्य माणसं दोनच. तिसरं पात्र एक जिवाणू आहे, तोही मेलेला.

त्या काळात पोलिश माणसाला दोन गोष्टींची धास्ती होती. एक, रस्त्यातून धरून थेट छळछावणीत पाठवतील. दुसरी, जर्मनीत वेठबिगारीला नेतील. लाखो पोलिश स्त्री-पुरुष असे जर्मन शेतांवर आणि कारखान्यांत नेले गेले. छातीवर ‘पी’ अक्षराचं ठिगळ शिवलेलं, पळून जायची सोय नाही, कारण पळालात तर मागे राहिलेल्या घरच्यांना धरणार. उलट जर्मनांनाही एका गोष्टीची जबर धास्ती होती, ती म्हणजे टायफसची.

इथे थांबून एक गोंधळ निस्तरते, कारण दर पावसाळ्यात माझ्या खिडकीशी तोच निस्तरावा लागतो. टायफस म्हणजे टायफाइड नव्हे. टायफाइड, आपला विषमज्वर, साल्मोनेलामुळे होतो आणि दूषित पाण्या-अन्नातून येतो. टायफसला जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात ‘प्रलापक सन्निपात ज्वर’ असं भारदस्त नाव आहे. नाव अगदी नेमकं आहे, कारण या तापात माणूस बरळतो, भ्रमिष्ट होतो. युद्धातला साथीचा टायफस अंगावरच्या उवांमधून पसरतो. ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल याने हे १९०९ मध्ये दाखवलं आणि १९२८ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. थंडी, गर्दी, अंगावरून आठवडेच्या आठवडे न उतरणारे कपडे, म्हणजे सैन्य, तुरुंग आणि निर्वासितांचे तळ ही त्याची घरं. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा चांगली धट्टीकट्टी माणसंही यातून उठत नसत. जर्मनीत हा रोग बरीच वर्षं जवळपास नव्हता, त्यामुळे त्यांच्या सैनिकांच्या अंगात त्याची प्रतिकारशक्तीही नव्हती. टायफसच्या गावात पलटण उतरवायची म्हणजे पलटणच आजारी पाडून घ्यायची, हे त्यांचे लष्करी डॉक्टर जाणून होते.

रोगाचा जंतू रिकेट्सिया प्रोवाझेकी. हे नाव उच्चारताना मी दर वेळी थोडी थबकते. हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर काम करता करता टायफसनेच गेला. स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक १९१५ मध्ये जर्मनीतल्या कोटबुसच्या युद्धकैद्यांच्या छावणीत असाच गेला. पुढच्याच वर्षी त्याचा सहकारी रोशा लिमा याने जंतूला दोघांची नावं दिली.

हा जंतू लॅबवाल्यांच्या मुळावर उठलेला आहे. तो जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढत नाही. टायफाइडचा जंतू आपण प्लेटवर उगवतो, मारतो, त्याचं सस्पेन्शन करून बाटलीत भरतो आणि विडाल, म्हणजे टायफाइडची रक्ततपासणी, लावतो. रिकेट्सिया प्लेटवर येतच नाही. मग रोग्याच्या रक्तातली प्रतिपिंडं ओळखायची कशाच्या आधाराने?

उत्तर मिळालं ते चुकून, आणि पहिल्या महायुद्धात. गॅलिशियात टायफसच्या रोग्यांची तपासणी करताना प्रागचा एडमुंड वाइल आणि त्याचा तरुण सहकारी आर्थर फेलिक्स यांना रोग्यांच्या लघवीत प्रोटियस नावाचा एक साधा जिवाणू सापडला. रोग त्याच्यामुळे होत नव्हता. पण रोग्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, या प्रोटियसबरोबर मिसळलं की तो गोळा होऊन तळाशी बसायचा, आणि निरोगी माणसाच्या सीरममध्ये बसत नसे. १९१६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि दोघांच्या नावांवरून टेस्ट झाली वेल-फेलिक्स. का बसतो, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. नंतर कळलं की प्रोटियसच्या काही मोजक्या जातींच्या कवचावरची साखरेची साखळी आणि रिकेट्सियाच्या कवचावरचा एक तुकडा एकमेकांसारखे दिसतात. शरीर रिकेट्सियाविरुद्ध जी हत्यारं घडवतं ती प्रोटियसलाही लागू पडतात. चोर सापडत नाही म्हणून त्याच्यासारखा कोट घातलेल्या शेजाऱ्याला उभं करून कुत्रा भुंकतो का ते बघायचं, असा हा सगळा मामला आहे.

आपण बाटलीवर वाचतो ते ‘ओएक्स१९’ हे नावही ऐकण्यासारखं आहे. चळवळ्या प्रोटियस प्लेटवर लाटेसारखा पसरतो, काचेवर श्वास सोडल्यावर धुकं धरतं तसा थर दिसतो. जर्मन भाषेत त्या श्वासाला ‘हाउख’ म्हणतात, आणि असा श्वास न सोडणारा, एका जागी राहणारा प्रकार म्हणजे ‘ओने हाउख’, हाउखशिवायचा. त्या ‘ओने’चा ‘ओ’. विडालच्या रिपोर्टवर ‘ओ’ आणि ‘एच’ छापतो ते इथूनच आले. एच म्हणजे हाउख. लॅबमध्ये वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. मलाही दहा वर्षं नव्हतं.

आता ट्यूब. रोग्याचं सीरम पातळ करत न्यायचं: १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. प्रत्येक ट्यूबमध्ये मेलेल्या प्रोटियसचं गढूळ सस्पेन्शन घालायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी ट्यूब उजेडासमोर धरायची, मागे काळं काहीतरी. (मी जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा धरते.) निगेटिव्ह ट्यूबमध्ये पाणी गढूळ राहतं आणि तळाच्या मध्यभागी छोटी गोल टिकली दिसते, शर्टाच्या बटणासारखी. पॉझिटिव्हमध्ये पाणी निवळशंख होतं आणि तळाला दुधावर साय धरावी तसा पातळ, कडा दुमडलेला थर पसरलेला असतो. बोटाने हलकेच टिचकी मारली की बटण धुरासारखं वर उठतं, आणि साय दाणेदार तुकड्यांनी फुटते. सर्वांत पातळ ज्या ट्यूबमध्ये अशी साय दिसली तो टायटर. एवढंच. मशीन नाही, वीज गेली तरी चालतं, शंभर वर्षांपूर्वी होतं तसंच आजही आहे.

म्हणजे ही टेस्ट रोग्याच्या अंगात रिकेट्सिया आहे का हे विचारतच नाही. ती एवढंच विचारते की या सीरममध्ये ओएक्स१९ला गोळा करणारं काही आहे का. दोन प्रश्नांमधली ही फट मातुलेविचला दिसली.

जर्मनांचा हुकूम होता की टायफसचा संशय असलेल्या प्रत्येकाचं रक्त जर्मन प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायचं. उत्तराची वाट बघत बसावं लागे. मातुलेविचने मग घरीच तुटपुंज्या साधनांवर वेल-फेलिक्स करायला सुरुवात केली आणि त्यासाठी ओएक्स१९ मिळवला. तो हाताशी आल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की हाच मेलेला जिवाणू निरोगी माणसाच्या दंडात टोचला तर? तर ती एक लसच झाली. शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं करणार, आणि आठवडाभराने काढलेल्या रक्तात ती भरपूर असणार. टायफस नाही, ताप नाही, पुरळ नाही, पण ट्यूबच्या तळाशी साय.

योगायोगाने गिऱ्हाईक चालत आलं. जर्मनीतून चौदा दिवसांच्या रजेवर आलेला एक वेठबिगार. रजा संपत आलेली. परत जाण्यापेक्षा जीव देईन, म्हणाला. न जावं तर घरच्यांवर गदा. परत न पाठवण्यासाठी जर्मनांना पटेल असं एकच कारण होतं, जबर संसर्गजन्य आजार, आणि तोही त्यांच्याच प्रयोगशाळेने ठरवलेला. त्याला इंजेक्शन दिलं, काही दिवसांनी रक्त काढून रीतसर जर्मन लॅबला पाठवलं. तारेने उत्तर आलं: वेल-फेलिक्स पॉझिटिव्ह. त्या माणसाची सुटका झाली. सही-शिक्का जर्मनांचा असल्यामुळे वाद घालायला कोणी उरलं नाही.

इथवर एका माणसाला वाचवण्याची युक्ती होती. पुढचं मात्र साधंसुधं नाही, आणि माझ्या मते खरं डोकं तिथे लागलं. मातुलेविचने वाझोफ्स्कीला ही गोष्ट सांगितली, आणि दोघांनी ठरवलं की एक रोगी कशाला, साथच आणू.

साथ उभी करायची म्हणजे साथीची तब्येत ठाऊक हवी. टायफस थंडीचा रोग, कारण लोक थंडीत कपडे काढत नाहीत, धूत नाहीत, दाटीवाटीने झोपतात. म्हणून शरद आणि हिवाळ्यात इंजेक्शनं जास्त, पुढे कमी. सगळे पॉझिटिव्ह एकाच डॉक्टरकडचे निघाले असते तर कोणीतरी भुवई उंचावली असती, म्हणून टोचलेल्यांपैकी काही जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायचे. ते बिचारे प्रामाणिकपणे टायफसचा संशय घेऊन रक्त पाठवत आणि प्रामाणिकपणे पॉझिटिव्ह रिपोर्ट मिळवत. रोग्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं. तापासाठी, अशक्तपणासाठी आलेल्या माणसाला ‘ताकदीचं’ म्हणून एक प्रथिनाचं इंजेक्शन दिलं जाई. रोग्याला कळलं असतं तर शेजाऱ्याला कळलं असतं, आणि शेजाऱ्याकडून भलत्या कानी पोचलं असतं. वाझोफ्स्कीने बायकोलाही सांगितलं नव्हतं, म्हणतात.

आजच्या एथिक्स कमिटीपुढे हा प्रस्ताव ठेवा. संमतिपत्र नाही, निदान खोटं, औषधाचं नाव खोटं. आमच्याकडे साधा फॉर्म अपुरा भरला तर परत येतो. पोरं यावर दर वेळी हिरिरीने भांडतात. मी मध्ये पडत नाही. पण कोणी मला थेट विचारलंच तर सांगते, मीही टोचलं असतं.

पॉझिटिव्हचा आकडा पुरेसा वाढला तसा जर्मनांनी तो सगळा टापू साथग्रस्त जाहीर केला. ‘सावधान, टायफस’ अशा जर्मन पाट्या लागल्या. डझनभर खेडी, सुमारे ८,००० माणसं. तिथून वेठबिगारीला माणसं न्यायची बंद झाली, जर्मन शिपाई वाट वाकडी करून जाऊ लागले. आतले लोक टायफसला भिऊन घरात, बाहेरचे टायफसला भिऊन बाहेर, आणि टायफस औषधालाही नाही.

आता एक गंभीर अडचण. साथ आली, पण मरत कोणी नव्हतं. खऱ्या टायफसच्या गावात एवढ्या पॉझिटिव्ह रिपोर्टांमागे स्मशानात गर्दी हवी. वाझोफ्स्कीच्या सांगण्याप्रमाणे खबऱ्यांनी हे जर्मनांच्या कानावर घातलं, आणि १९४३च्या अखेरच्या सुमाराला तपासणीला पथक आलं. एक वयस्कर डॉक्टर, दोन तरुण. यजमानांनी त्यांची बडदास्त ठेवली, सॉसेज आणि वोडका भरपूर. वयस्कर साहेब मैफिलीत रमले आणि रोग्यांकडे जायचं काम दोघा तरुणांवर टाकलं. त्यांच्यासाठी आधीच टोचून ठेवलेले, दिसायला खंगलेले, म्हातारे-कोतारे रोगी कळकट झोपड्यांत तयार होते. वर सूचना होती की उवा फार आहेत, जरा सांभाळून. दोघांनी घाईघाईने रक्त काढलं आणि काढता पाय घेतला. अंगावरचे कपडे उघडून पुरळ बघायचा, प्लीहा चाचपायचा, तापाचा तक्ता मागायचा, हे त्यांनी केलंच नाही. रक्त लॅबला गेलं. रिपोर्ट काय आला असेल हे तुम्हीच सांगा.

मला या प्रसंगात सर्वांत जास्त चीड येते ती त्या दोन तरुण डॉक्टरांची. शत्रू होते म्हणून नाही. चौकशीला निघालेला माणूस जी टेस्ट संशयास्पद ठरली आहे तीच टेस्ट पुन्हा लावतो, याची. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तेच उत्तर मिळणार. ट्यूब खोटं बोलत नव्हती. त्या सीरममध्ये ओएक्स१९ला गोळा करणारी प्रतिपिंडं खरोखरच होती, भरपूर होती.

हे त्यांना पकडता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं, आणि फार खटपटही लागली नसती. प्रोटियसऐवजी खुद्द रिकेट्सियाशी त्या सीरमची गाठ घालून बघायची. ल्वूफमध्ये रुडोल्फ वाइग्ल हा पोलिश शास्त्रज्ञ उवांच्या आतड्यात रिकेट्सिया वाढवून त्यांची लस करत होता, म्हणजे खरा जंतू त्या काळी हाती येत होता, आणि त्याच्यावरच अॅग्लुटिनेशन, म्हणजे गोळा होण्याची टेस्ट, लावता येतं हे ठाऊक होतं. प्रोटियस टोचलेल्या माणसाची प्रतिपिंडं त्या मोजपट्टीवर उघडी पडायची शक्यता मोठी होती. दुसरा उपाय त्याहून सोपा: एकच टायटर न घेता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि त्यांच्या जोडीला तापाचा तक्ता ठेवायचा. टायटर चढतोय आणि अंगात दिवसभराचा कणकणसुद्धा नाही, असा टायफस नसतो. तिसरा उपाय म्हणजे रोग्याच्या खाटेशी बसणं. त्याला मात्र धैर्य लागलं असतं, आणि सगळी योजनाच त्या नसलेल्या धैर्यावर उभी होती.

जाता जाता एक: वाइग्लचा जुना सहायक लुडविक फ्लेक याला पुढे बुखेनवाल्ड छावणीत एसएससाठी, म्हणजे हिटलरच्या खास दलासाठी, टायफसची लस करायला लावलं, आणि तिथे त्याच्या गटाने वर्षभराहून जास्त काळ निरुपयोगी लस बनवून पाठवली, असं त्याने नोंदवलं आहे. टायफसभोवती अशा गुप्त लढाया बऱ्याच झाल्या.

आता हे सगळं मी मराठी लॅबमध्ये बसून का सांगते ते. आमची अडचण रोझवादूफच्या बरोबर उलटी आहे. तिथे रोग नसताना ट्यूब पॉझिटिव्ह, इथे रोग असताना ट्यूब निगेटिव्ह.

२०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस एकदम डोळ्यांत भरला. हा उवांचा नाही. गवता-झुडपांतल्या बारीक माइटची पिल्लं, चिगर, चावल्याने होतो. जंतू ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, पूर्वी तोही रिकेट्सियातच गणला जाई. चावल्या जागी काळी, जळक्या सिगारेटच्या डागासारखी खपली पडते, तिला एस्कार म्हणतात. याच्यासाठी वेल-फेलिक्समध्ये वेगळी बाटली, ओएक्सके. तीन बाटल्या असतात: ओएक्स१९, ओएक्स२ आणि ओएक्सके. साथीच्या टायफसमध्ये १९ जोरात, स्क्रबमध्ये फक्त के, ठिपक्यांच्या तापाच्या गटात १९ आणि २ कमी-जास्त. क्यू फीवरमध्ये तिन्ही गप्प. हा तक्ता पोरं पाठ करतात, आणि मग रोगी तक्त्याप्रमाणे वागत नाही म्हणून रुसतात.

एकदा रात्री एका तालुक्याच्या दवाखान्यातून तरुण डॉक्टरचा फोन आला.

“मॅडम, तुमचा वेल-फेलिक्सचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. डॉक्सी बंद करू ना?”

“ताप कितवा दिवस?”

“पाचवा.”

“पाचव्या दिवशी ट्यूब काय सांगणार रे? प्रतिपिंडं अजून तयार व्हायची आहेत. खपली बघितलीस का?”

“हात-पाय बघितले मॅडम, काही नाही.”

“काकूंना नऊवारी आहे का?”

तो गोंधळला. “हो. म्हणजे, शेतावरून आल्यात.”

“मग सिस्टरला बरोबर घे, पडदा लाव, आणि कमरेच्या कासोट्याखाली, काखेत, छातीच्या खाली बघ. जिथे कापड घट्ट बसतं तिथे चिगर थांबतो. आणि डॉक्सी बंद करायची नाही.”

वीस मिनिटांनी फोन. “मॅडम, कमरेला मागे आहे. काळी. काकू म्हणतात, ती तर आठवडाभर आहे, काटा लागला असेल असं वाटलं.”

पुढे दोन दिवसांत ताप उतरला. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अगदी स्वस्त गोळी. रिकेट्सियाच्या तापाला ती इतकी झटकन लागू पडते की ताप अठ्ठेचाळीस तासांत हटला नाही तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. दहा दिवसांनी आलेल्या दुसऱ्या नमुन्यात ओएक्सकेचा टायटर १:३२० निघाला. तोवर काकू घरी जाऊन सोयाबीनच्या कामाला लागल्या होत्या. रिपोर्टाचा त्यांना काही उपयोग झाला नाही, मला झाला.

ही टेस्ट रिकेट्सियाचे पुष्कळ खरे रोगी हुकवते. उलट प्रोटियसचा मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या आजोबांना ती बिनदिक्कत पॉझिटिव्ह ठरवते, म्हणजे शरीराने स्वतःच स्वतःला रोझवादूफचं इंजेक्शन दिल्यासारखं. कितव्या टायटरला पॉझिटिव्ह म्हणायचं हेही मुलखागणिक बदलतं, कारण त्या भागातल्या निरोगी माणसांच्या रक्तात मुळात किती सापडतं ते आधी बघावं लागतं. आता आयजीएम एलायझा आणि पीसीआर मोठ्या ठिकाणी मिळतात, फ्लुरोसन्स टेस्ट ही मानाची मोजपट्टी समजली जाते. त्यांच्यापुढे वेल-फेलिक्स म्हातारी झाली. तरी तालुक्याला बाटली मिळते, पुण्या-मुंबईला नमुना पोचून उत्तर यायला दिवस जातात. म्हणून ती मी फेकून देत नाही. फक्त तिच्या तोंडून मी एका वाक्याच्या वर काही वदवून घेत नाही.

रोझवादूफकडे परत जाते, कारण त्या प्रकरणाची एक बाजू चुकीची पसरली आहे. इंटरनेटवर दिसतं की दोन डॉक्टरांनी ८,००० ज्यूंना वाचवलं. तसं झालेलं नाही. ८,००० हा त्या साथग्रस्त टापूतल्या सगळ्या रहिवाशांचा अंदाज आहे, आणि ते बहुतेक ज्यू नसलेले पोलिश होते. गावातल्या ज्यूंना १९३९ मध्येच हुसकावून लावायला सुरुवात झाली होती, आणि उरलेल्यांना १९४२ मध्ये नेलं गेलं. ज्यू माणसाला टायफसचं निदान म्हणजे सुटका नव्हती, मृत्यूचा हुकूम होता. जर्मनांनी ‘ज्यू, उवा, टायफस’ अशी पोस्टरं वॉर्सामध्ये चिकटवली होती. त्यामुळे ज्यूंना हे इंजेक्शन द्यायचंच नाही, असं या दोघांनी ठरवलं होतं. एकच ट्यूब, एकच साय, आणि कुंपणाच्या दोन बाजूंना तिचे दोन अर्थ. मात्र वाझोफ्स्कीचं घर ज्यू वस्तीला लागून होतं. मागच्या कुंपणावर फडकं अडकवलेलं दिसलं की रात्री तो तिकडे जाऊन रोगी तपासत असे. हिशेबात औषधं कमी पडू नयेत म्हणून रेल्वे स्टेशनावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या नावावर जादा खर्च दाखवायचा. हा भाग शौर्याच्या बातमीत क्वचितच येतो. आठ हजाराचा आकडा जास्त गोल दिसतो ना.

१९४४च्या उन्हाळ्यात एका जर्मन लष्करी पोलिसाने वाझोफ्स्कीला सावध केलं, असं तो सांगत असे. याच शिपायाचा गुप्तरोग वाझोफ्स्कीने गुपचूप बरा केला होता. गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, यादीत नाव आहे, पळ. तो बायको-मुलीला घेऊन वॉर्साकडे निसटला. १९५८ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेलं, तिथे तो शिकागोला इलिनॉय विद्यापीठात बालरोगांचा प्राध्यापक झाला. १९७७ मध्ये त्याने आणि मातुलेविचने अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात कृत्रिम वेल-फेलिक्सबद्दल लेख लिहिला, तेव्हा कुठे हे जगापुढे आलं. तीसेक वर्षं दोघं गप्प होते. २००६ मध्ये वाझोफ्स्की ओरेगनमध्ये वारला.

त्याआधी २०००च्या सुमाराला तो पुन्हा रोझवादूफला गेला होता. म्हातारा झालेला, पण गावाने ओळखलं. माणसं भेटायला आली. त्यांतल्या एकाने त्याचे हात धरून आभार मानले: डॉक्टर, माझ्या वडिलांचा टायफस तुम्ही पाच दिवसांत बरा केलात, अजून आम्ही बोलतो त्याबद्दल. वाझोफ्स्की हसला आणि म्हणाला, तो खरा टायफस नव्हता, तो माझा टायफस होता.